राणीची बाग, निसर्गोद्यान आणि एम्प्रेस: पनवेलहून गाडीने, आईला घेऊन

उर्वशी फुललेली बघायला मला राणीच्या बागेत तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या खेपेला श्रावण होता, झाड नुसतं पानांनी भरलेलं. दुसरी खेप डिसेंबरात, तेव्हाही फुलाचा पत्ता नाही. तिसऱ्यांदा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेलो आणि आई झाडाखाली जी उभी राहिली ती काही बोलेचना. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अगो, आमच्या देवळातली झुंबरं अशीच होती."

आम्ही दोघी पनवेलला राहतो. गाडी मी चालवते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा अजून तग धरून आहे. तिचं माहेर गुहागरकडचं. बाबा गेल्यावर वर्षभर ती घराबाहेर पडायला तयार नव्हती. लग्नकार्य नको, देऊळ नको, मावशीकडे नको. एका सकाळी चहा पिताना मी सहज म्हटलं, भायखळ्याला गोरखचिंचेचं झाड आहे, बघायला येतेस? तर कप खाली ठेवून साडी बदलायला गेली. तेव्हापासून महिन्यातला एक दिवस झाडांचा. आता दीड वर्ष झालं. पनवेलहून सकाळी निघून रात्री जेवायला घरी परतता येईल अशा बऱ्याच बागा आमच्या बघून झाल्या. त्यातल्या ज्या पुन्हा पुन्हा जाण्यासारख्या वाटल्या त्यांच्याबद्दल हे लिहितेय. ज्यांच्या घरी कुणी मोठं माणूस आहे आणि रविवारी मॉलखेरीज कुठे न्यावं हे सुचत नाही, त्यांच्या उपयोगी पडावं.

आमच्या आवडीनिवडी आधीच सांगते, म्हणजे पुढे घोटाळा नको. ताटवे, कारंजी, रोषणाई ह्यांच्यासाठी आम्ही गाडी काढत नाही. आम्हाला जुनं झाड लागतं. त्याच्या खोडापर्यंत जाता आलं पाहिजे, वर बघत उभं राहता आलं पाहिजे, खाली पडलेलं फूल उचलून हातात घेता आलं पाहिजे. आणि पन्नास पावलांवर आईला टेकायला बाक हवा.

राणीच्या बागेला आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात, पण आईच्या पिढीच्या तोंडी राणीची बागच आहे. पनवेलहून आम्ही गव्हाण फाट्यावरून अटल सेतूने जातो. गाडीला टोल एका बाजूचा २५० रुपये, येऊनजाऊन ३७५. स्वस्त नाही, पण वाशीच्या पुलावर आणि पुढे चेंबूरला जो जीव जातो तो वाचतो, आणि आईला तासाभराच्या वर बसवत नाही म्हणून मी तो खर्च आनंदाने करते. पुलावर डाव्या हाताला घारापुरीचं बेट दिसतं. समुद्र ओलांडून गाडी उतरते ती शिवडीला.

मला ह्या रस्त्याचं एक फार आवडतं. ही बागसुद्धा मुळात शिवडीचीच. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ह्या संस्थेने ती तिथे लावली होती. शिवडीची जागा दफनभूमीसाठी गेली आणि बाग भायखळ्याला आली. गव्हर्नर बार्टल फ्रियर ह्यांच्या पत्नीने १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती लोकांसाठी उघडली, तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया गार्डन्स. म्हणून राणीची बाग. १८७३ मध्ये ती पालिकेकडे आली. आम्ही पुलावरून उतरून लालबागमार्गे भायखळ्याला जातो तेव्हा दर वेळी मनात येतं, बागसुद्धा शिवडीहून निघून इथेच आली.

पन्नास रुपयांचं तिकीट काढून आत गेलात की बहुतेक गर्दी सरळ पेंग्विनांकडे वळते. २०१६ मध्ये ते आले तेव्हापासून मुलांना दुसरं काही सुचत नाही, आणि त्यात मुलांची काही चूकही नाही. पण त्यामुळे एक सोय होते. प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे जाणारा रस्ता भरून वाहत असतो तेव्हाही मोठ्या झाडांखालचे बाक बऱ्याचदा रिकामे सापडतात. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद, हे लक्षात ठेवा. आम्ही गुरुवार-शुक्रवार पकडतो आणि साडेनऊला दार उघडायच्या सुमारास पोचतो. अकरानंतर शाळांच्या सहली येतात. रविवारी म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाऊच नका.

ह्या बागेत २८६ जातींची तीन हजारांहून जास्त झाडं आहेत, अशी मोजणी झालेली आहे. आकडा वाचून काही डोळ्यांपुढे येत नाही. आत फिरायला लागलं की मग कळतं. एकाच दुपारी मादागास्कर, ब्रह्मदेश, दक्षिण अमेरिका आणि आपलं कोकण अशी चार ठिकाणची झाडं एकमेकांच्या सावलीत उभी दिसतात आणि सगळी दीडशे वर्षांत इथलीच होऊन गेलेली.

उर्वशीचं सांगते. हे झाड ब्रह्मदेशातलं. एका मठाच्या बागेत ते युरोपियनांच्या नजरेला पडलं, तिथे त्याची फुलं बुद्धापुढे वाहत असत. शास्त्रीय नाव ॲम्हर्स्टिया, तेव्हाच्या गव्हर्नर जनरलच्या बायकोच्या आडनावावरून ठेवलेलं. आपल्याकडे उर्वशी हे नाव ज्याने कुणी दिलं त्याचे डोळे फार चांगले होते. फुलाचा घोस फांदीवरून सरळ खाली लोंबतो, हातभर लांब. मधला दांडा लाल, त्याला दोन्ही बाजूंना फुटलेले लांब देठही लाल, आणि प्रत्येक देठाच्या टोकाला एक फूल पंख पसरून बसलेलं. पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, जणू कुणी करंगळीने हळद लावली. त्या दिवशी असे पंधरा-वीस घोस होते आणि वाऱ्यावर सगळे वेगवेगळे हलत होते. आईने एक घोस तळहातावर नुसता तोलून बघितला, ओढला नाही. कोवळी पानंसुद्धा बघण्यासारखी असतात. तांबूस, मऊ, गळून पडल्यासारखी लोंबणारी, नुकतं धुऊन दोरीवर टाकलेलं रेशमी वस्त्र असावं तशी. काही दिवसांनी ती हिरवी होतात आणि ताठ उभी राहतात. ह्या झाडाला बी फार क्वचित धरतं, म्हणून फांदीला गुटी बांधूनच, म्हणजे झाडावर असतानाच तिला मुळं फुटवून, ते वाढवतात. त्यामुळेच मोठं झालेलं झाड दिसलं की मला त्याच्याबद्दल जास्तच वाटतं. कुणीतरी कधीतरी मुद्दाम बसून ते केलेलं असतं.

कैलासपती आईला आधीपासून माहीत होता, तिच्या माहेरच्या शिवमंदिरापाशी होता. तरी तिने प्रत्येक खेपेला त्याच्यापाशी थांबायचंच. फुलं फांदीच्या शेंड्याला न येता थेट खोडातून फुटतात, जमिनीपासून हाताला लागतील इतक्या खालपासून. फूल उघडून बघितलंत तर आत मधोमध लहानशी पिंडी आणि तिच्यावर पुंकेसरांचा वाकलेला फणा. वास इतका गोड आणि जड की गाडीत एक फूल ठेवलं तर पनवेलपर्यंत पुरतं. फळं मात्र तोफेच्या गोळ्यासारखी असतात आणि पिकून फुटली की दुर्गंधी सुटते. त्या झाडाच्या अगदी खाली बाक असला तरी तिथे बसू नका, थोडं लांबून बघा.

कृष्णवडाची पानं मागे दुमडून द्रोण झालेला असतो. लोणी लपवायला कृष्णाने पान वळवलं अशी गोष्ट आहे, ती आईने शेजारी उभ्या असलेल्या दोन अनोळखी मुलींना सांगितली. त्यांच्या आईने मोबाइल पर्समध्ये ठेवून पूर्ण ऐकली. मेणबत्तीचं झाडही बघा, पिवळट मेणासारखी लांब फळं सरळ खोडावर लटकलेली असतात, नाव दुसरं काही देताच येणार नाही. आणि गोरखचिंच, जिच्यासाठी आई पहिल्यांदा घराबाहेर पडली. फेब्रुवारीत तिच्या अंगावर पान नव्हतं. पावसाळ्यात तीच भरगच्च हिरवी होते आणि लांब देठांवर पांढरी फुलं लोंबतात, ती रात्री उमलतात. आई खोडाला हात लावून म्हणाली, "ही आफ्रिकेतून आली म्हणतेस, मग आमच्या गोरखनाथाची कशी?" मी म्हटलं, अरबांच्या जहाजांतून आली असावी, शेकडो वर्षं झाली, आता आपलीच. तिला पटलं असावं. दुसऱ्या दिवशी फोनवर मावशीला हेच सांगत होती.

ही झाडं आज उभी आहेत त्याला बागेबाहेरच्या माणसांचेही हात लागलेत. प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या नूतनीकरणाचा बेत २००७ च्या सुमारास पुढे आला तेव्हा झाडांचं काय होणार ह्या काळजीने मुंबईतल्या काही नागरिकांनी, त्यातही बायकांनी, झाडांची यादी केली, अर्ज केले, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मला त्यांच्यातलं कुणी ओळखत नाही. पण उर्वशीखाली उभं राहिलं की त्यांची आठवण मी काढते.

बाहेर पडायच्या आधी शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती बघा. घारापुरीचं एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हाच. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना पडून त्याचे तुकडे झाले आणि ते तुकडे इथे आणून पुन्हा जोडले. सकाळी पुलावरून ज्याचं बेट बघितलं त्याला दुपारी भेटायचं, आणि संध्याकाळी परत पुलावरून ते बेट बघत घरी. आई आता हत्तीला हात जोडते.

चालायचं म्हणाल तर मुख्य रस्ते सपाट आहेत. चाकाची खुर्ची असेल तर अडचण यायची नाही. आम्ही काठी आणि घडीचं स्टूल घेऊन जातो. तीन तासांत आई दमते, तेवढ्यात बागेचा एक कोपराच नीट होतो. सगळी बाग एका दिवसात संपवायच्या भरीस पडू नका.

मुंबईतलीच दुसरी जागा म्हणजे धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्गोद्यान, मिठी नदीच्या काठचं. ही बाग आणि राणीची बाग ह्यांची तुलनाच करता येत नाही. तिथे जुनं झाड शोधायला जाल तर मिळणार नाही, कारण एकेकाळी तिथे शहराचा कचरा टाकत. ३७ एकरांचा उकिरडा. त्याच्यावर माती टाकून, रोपं लावून जंगल उभं केलं आणि १९९४ मध्ये ते लोकांना खुलं झालं. झाडं बहुतेक आपली, सह्याद्रीतली. आई आत शिरल्यावर एकामागून एक नावं घेत सुटली, पाटी न वाचता. करंज, बहावा, पांगारा, बेहडा. एका लहान झाडापाशी मात्र अडली. पान चुरगळून वास घेतला, तरी आठवेना. परत येताना गाडीत अचानक म्हणाली, "कुंभा होता तो!" आणि मग घरी येईपर्यंत खुशीत होती.

इथे पाऊस थांबल्यावर जा, सप्टेंबर-ऑक्टोबरात. फुलपाखरं त्या दिवसांत भरपूर. रोपवाटिकेतून रोपं मिळतात, आम्ही अडुळसा आणि गवती चहा आणला. लहान मुलं बरोबर असतील तर मी राणीच्या बागेआधी इथे नेईन. कचऱ्याच्या डोंगरावर जंगल येऊ शकतं हे दाखवायला ह्याहून जवळची जागा नाही. गाडीच्या रस्त्यावरून आत वळलं की पाचव्या मिनिटाला हॉर्न ऐकू येईनासे होतात.

आता एका बागेबद्दल, जिचं नाव मी घेणार नाही. पनवेलपासून तासाभराच्या आत आहे. पाटीवर वृक्षोद्यान लिहिलंय म्हणून आम्ही गेलो. झाडं होती, चांगली चाळीस-पन्नास वर्षांची. पण प्रत्येकाच्या बुंध्याला सिमेंटचा कट्टा, अगदी खोडाला चिकटेपर्यंत. पाणी मुरायला वीतभर माती नाही. खोडांवर दिव्यांच्या माळा खिळे ठोकून लावलेल्या. एका कडुनिंबाला मी खिळे मोजले, हाताच्या उंचीपर्यंतच सतरा. एका खिळ्याभोवती साल फुगून डिंक आला होता, त्या डिंकात मुंग्या अडकलेल्या. आई त्या झाडापाशी बसायला गेली तर शिट्टी वाजली. हिरवळीवर पाय ठेवायचा नाही म्हणे. त्या रखवालदाराला मी काय बोलणार, त्याला सांगितलं तेवढं तो करतोय. झाडांची नावं शोधली, एका पाटीवर चाफा लिहिलं होतं आणि तिच्यामागे उभा होता तो बकुळ. आईने बकुळीची ओंजळभर फुलं वेचली, त्याला कुणाची हरकत आली नाही, तेवढंच.

आम्ही वीस मिनिटांत बाहेर आलो. परत येताना आई खिडकीबाहेर बघत होती. मला वाईट ह्याचं वाटलं की पैसे खर्च झाले होते. दिवे, कट्टे, रंग, कमानी, कशालाच कमी नव्हतं. तेवढ्या पैशात दोन माळी पाच वर्षं ठेवता आले असते. बाग चालवणाऱ्या कुणाच्या वाचनात हे आलं तर हात जोडून सांगते, बुंध्याभोवती निदान हातभर माती मोकळी ठेवा आणि खिळे काढून टाका. बाकी काही नाही केलंत तरी चालेल.

लांबची खेप म्हणजे पुण्याचं एम्प्रेस गार्डन. एक्स्प्रेसवेने घाट चढून, रेसकोर्सच्या जवळ, आम्हाला दारापासून दारापर्यंत अडीच तास लागतात. लोणावळ्याला एकदा उतरून आईला पाय मोकळे करू द्यावे लागतात. हेही जुनंच, ३९ एकरांचं, आणि राणीच्या बागेचं नात्यातलं. शिवडीला बाग लावली त्याच ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीचं नाव इथेही, आणि ही बाग आजही तीच संस्था चालवते. पूर्वी इथे लष्करातल्या सोल्जरांसाठी बाग होती. व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्यावर एम्प्रेस नाव पडलं. म्हणजे मुंबईला ती राणी आणि पुण्याला सम्राज्ञी.

जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला, इथे फुलांचं प्रदर्शन भरतं. त्याची ख्याती मोठी आहे आणि गर्दीही तशीच. रोपं, कुंड्या, बी-बियाणं घ्यायचं असेल तर जरूर जा. पण झाडं बघायची असतील तर ते दिवस टाळा. आम्ही एप्रिलात गेलो. पुण्यात ऊन रणरणत होतं, आणि आत शिरल्यावर साडीचा पदर गार लागायला लागला, हे आईचे शब्द.

मला ह्या बागेत एकच गोष्ट सांगायची आहे, गारंबी.

मी तिला आधी वेल म्हणून ओळखलंच नाही. वाटलं, झाड पडलंय आणि तसंच ठेवलंय. माणसाच्या मांडीएवढं जाड, पीळ घातलेलं खोड जमिनीवरून जातंय, मध्येच वर उठून एका झाडाला वळसा घालतंय, तिथून दुसऱ्यावर, पुन्हा खाली येऊन जमिनीला टेकतंय आणि परत वर. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे शोधत मी दहा मिनिटं फिरले, सापडलं नाही. आई काठी टेकत हळूहळू मागून आली, वर बघितलं आणि ओरडलीच. "अगो, गारंबी ही! शेंग बघ, शेंग!"

वर, पंधरा-वीस फुटांवर, शेंगा लोंबत होत्या. हातापेक्षा लांब, तलवारीसारख्या, चपट्या, प्रत्येक बियेपाशी फुगलेल्या. काही शेंगांची मधली पेरं गळून गेली होती आणि नुसती चौकट राहिली होती, आतून आकाश दिसत होतं. गारंबीची शेंग अशीच सुटते. ती उकलून बिया सांडत नाहीत, एकेक पेर अख्खं गळून पडतं, प्रत्येक पेरात एक बी. कोकणातल्या ओढ्यांतून ही पेरं वाहत समुद्राला जातात आणि बी आतून पोकळ असल्यामुळे बुडत नाही, महिनोन्महिने तरंगत कुठल्या कुठे जाऊन लागतं.

आई सांगत होती, लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर गारंबीची बी सापडली की दिवस सोन्याचा. दगडावर घासून तापवायची आणि शेजारच्या मुलीच्या दंडाला चटका द्यायचा. आजी ती सहाणेवर उगाळून सुजेवर लावायची, गालगुंड झालं की हमखास. किसून पाण्यात कालवली की फेस येतो, त्याने केस धुवायचे. हे सगळं ती मला पन्नास वर्षांत एकदाही बोलली नव्हती. मी विचारलंच नव्हतं म्हणा, विचारायला समोर गारंबी असावी लागते.

तिथे एक माळीदादा पाचोळा ओढत होते. आईचं बोलणं ऐकून ते थांबले, ढिगात हात घातला आणि एक पेर काढून तिच्या हातावर ठेवलं. "घ्या आजी, पडलेलंच आहे." वरचं साल तिने नखाने सोललं. आत बी. गर्द तपकिरी, घासलेल्या लाकडासारखी चकचकीत, तळहाताच्या खोलगट भागात बरोबर बसेल एवढी, गोल पण थोडी चपटी. मी ती कानाशी धरून हलवली, काही वाजलं नाही. आईने ती माझ्या हातून घेतली आणि बाकाच्या कडेला घासायला लागली. मग माझ्या दंडाला लावली. चटका बसला.

त्याच बाकावर आम्ही डबा खाल्ला. थालीपीठ, दही, कैरीचं लोणचं. पुण्यात अजून दोन बागा बघायच्या असं ठरवून निघालो होतो. सिंहगड रस्त्यावरची जपानी पद्धतीची पु. ल. देशपांडे उद्यानाची बाग आखीव आहे, पाणी, दगड, छोटे पूल, संध्याकाळी जायला सुंदर. ती आम्ही पाऊण तासात बघितली. आईला आवडली, पण तिचं लक्ष पिशवीतल्या बियेकडे होतं. तिसरी बाग राहून गेली.

एम्प्रेसमध्ये चालायचं बरंच आहे आणि काही वाटा मातीच्या, मुळांच्या. त्यामुळे काठी हवीच आणि पावसाळ्यात मोठ्या माणसाला नेताना जपून. सकाळी दहाला आत शिरलात तर दुपारपर्यंत सावली पुरते. पनवेलहून एका दिवसात येऊनजाऊन आई दोन दिवस झोपून काढते, हेही सांगायला हवं. तरी पुन्हा जाणार आहोत. कुणी मला एकच बाग निवडायला सांगितली तर झाडांच्या विविधतेसाठी राणीची बाग सांगेन, अंतरही जवळ. पण आईला विचारलंत तर ती एका शब्दात पुणं म्हणेल.

ती बी आईने घरी आल्यावर एका कडेला कानसीने घासली, आतला पांढरा भाग दिसेपर्यंत. कवच इतकं टणक असतं की नुसती पेरली तर वर्षभर तशीच पडून राहील. मग दोन दिवस कोमट पाण्यात ठेवली, फुगून जवळजवळ दुप्पट झाली, आणि बाल्कनीतल्या कुंडीत लावली. तीन आठवड्यांनी मातीला भेग पडली. त्यानंतर जो कोंब वर आला तो रोज सकाळी बोटभर उंच झालेला दिसायचा. आता ग्रिलला दोन वेढे झालेत आणि शेजारच्या काकूंच्या कपड्यांच्या दोरीकडे तिने हात पुढे केलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ही वेल किती दिवस ठेवणार?

मामाची वाडी गुहागरला आहे, ओढ्याच्या बाजूला मोठा आंबा आहे. आईने त्याला फोन करून आंब्याखालची जागा राखून ठेवायला सांगितली आहे. पाऊस लागला की कुंडी मागच्या सीटवर, आईच्या पायाशी. त्यानंतर ऑक्टोबरात पुन्हा राणीची बाग, कारण तिथलं मादागास्करचं कोल्व्हिलिया त्या दिवसांत फुलतं. नारिंगी घोस येतात म्हणे. एका खेपेत बघायला मिळतील अशी आशा आहे, नाही मिळाले तर तीन खेपांची आमची तयारी आहे.